भिशीतल्या बायकांचा फलक

मी एक जुना फलक आहे, मित्रांनो. मांजरपाटाचा, पाच वार लांब आणि स्वभावाने भित्रा. फलक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी ताठ, फडफडणारं, कुणाच्या बापाला न घाबरणारं उभं राहत असेल. तसे फलक असतीलही. मी तसा नाही. माझ्या अंगावरची अक्षरं धीट आहेत, पण त्यांच्याखालचं कापड मात्र अजूनही घाबरतं. का, ते सांगतो.

भिवंडीच्या एका यंत्रमागावर मी विणला गेलो. तिथल्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे भीती म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ती मला पनवेलच्या बाजारात कळली. आमचा ताका हेतल नावाच्या एका गुजराती सुनेच्या सासऱ्यांच्या दुकानात आला आणि दाराजवळच्या सगळ्यात खालच्या फळीवर पडला. वरच्या फळ्यांवर साड्या, परकराची कापडं, फुलाफुलांचं वॉयल. खाली आम्ही. गिऱ्हाईक आम्हाला उशीच्या अभ्र्यांसाठी न्यायचं, चक्का बांधायला न्यायचं, पिठाचे डबे झाकायला न्यायचं. आणि आणखी एका कामासाठी न्यायचं. घरात कुणी गेलं की त्याला गुंडाळायला पांढरं कापड लागतं. जाणारा हिंदू असो की मुसलमान, आमच्या दुकानातला ताका एकच. त्या गिऱ्हाइकाशी हेतलचे सासरे घासाघीस करत नसत. आणि ते कापड कात्रीने कापत नसत. कडेला दाताने चीर द्यायची आणि हाताने फाडायचं, टर्र करून.

म्हणून आम्ही ताक्यातले सगळे पदर कान देऊन असायचो. कात्रीचा आवाज आला, तर सुटलो. फाडल्याचा आवाज आला की समजायचं, हा गेला.

दोन हजार दोन सालचा मार्च महिना होता. दुपारी सासरे घरी आडवे व्हायचे आणि गल्ल्यावर हेतल बसायची. तेव्हा दोघी जणी आल्या. एक शोभाताई, टेलिफोन ऑफिसात नोकरी करणारी, बोलायला खणखणीत. दुसरी फहमिदा, माहेर उरणचं, राहायला नवीन पनवेलमध्ये. तिचा नवरा आदिल कुवेतला कामाला होता. तिच्या कडेवर सहा-सात महिन्यांचा इमाद होता आणि तो तिचं मंगळसूत्रासारखं दिसणारं काळ्या मण्यांचं गळ्यातलं चोखत होता.

"पांढरं कापड दे," फहमिदा म्हणाली. "जाडंभरडं. लांब लागेल." तिचा चेहरा उतरलेला होता.

हेतलने तो चेहरा पाहिला आणि काही न विचारता मला ओढलं, मापलं, कडेला दात लावला आणि टर्र करून फाडलं.

मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरलो नाही. माझे डोळे मिटले. संपलं, असं मला वाटलं.

"कोण गेलं, फहमिदाबेन?" हेतलने घडी घालत हळूच विचारलं.

शोभाताई म्हणाली, "अगं, घरातलं कुणी नाही. फलक करायचाय. आमच्या भिशीतल्या बायका शनिवारी चौकात उभ्या राहणारेत."

"मग मी फाडलं का?" हेतल गोरीमोरी झाली. "सॉरी हं. दुसरं कापून देते. हे अशुभ झालं."

"असू दे," फहमिदा म्हणाली. "बरोबर फाडलंस. खूप जण गेलेत."

ती कुणाबद्दल बोलत होती, ते तुम्हाला सांगायला हवं. शेजारच्या गुजरात राज्यात आधी आगगाडीच्या डब्यात माणसं जळून मेली होती. त्यानंतर सूड म्हणून, ज्यांचा त्या आगीशी काही संबंध नव्हता अशी शेकडो माणसं, बायका, मुलं मारली गेली. बहुतेक मुसलमान होती. ती मुसलमान होती, एवढाच त्यांचा गुन्हा. पनवेलात रोज पेपर यायचा, टीव्ही लागायचा, आणि माणसं चहा पिताना त्यावर बोलायची. काही रडायची. काही म्हणायची, बरं झालं.

हेतलने मला पिशवीत घातलं, पण पिशवी सोडली नाही. "माझं माहेर तिकडचंच आहे, शोभाताई," ती म्हणाली. "भावाचा फोन आला होता. कुठली दुकानं जळली ते सांगत होता." थोडं थांबून ती म्हणाली, "हसत होता. माझा भाऊ."

इमादने हेतलची ओढणी पकडली. ती सोडवता सोडवता हेतल म्हणाली, "तुमच्या भिशीत जागा आहे का?"

असा मी वाचलो, आणि अशी ती भिशीत आली.

भिशी तुम्हाला माहीत असेल. तुमच्या आईचीही असेल. दर महिन्याला बायका एकीच्या घरी जमतात, चिठ्ठी टाकतात, जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याची रक्कम मिळते, आणि पोहे खाऊन सगळ्या घरी जातात. ह्या बायकांनी त्यात एक काम वाढवलं, इतकंच. त्यांच्यापैकी कुणी कधी मोर्चा काढला नव्हता. पोलीस स्टेशनात शोभाताई तेवढी एकदा गेली होती, तेही पाकीट हरवलं म्हणून.

माझ्यावर अक्षरं काढली शिवा पेंटरने. दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या मागचे फूलपोपट, गणपती मंडळाचे बोर्ड, दर्ग्याच्या उरुसाची कमान, सगळं तोच रंगवायचा. शोभाताईने त्याला कागद दिला. त्याने वाचला आणि कान खाजवला.

"वंशसंहार? ताई, हा शब्द लय अवघड. चौकात रिक्षावाला एवढा वेळ थांबणार आहे का? सोपं सांगा."

वंशसंहार म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं, कारण शोभाताईने शिवाला समजावून सांगितलं. एखाद्या धर्माची, एखाद्या जमातीची माणसं ती त्या जमातीची आहेत म्हणूनच ठरवून संपवायची, त्यांची मुलंसुद्धा मागे ठेवायची नाहीत, असं ते आहे. शिवाने ब्रश खाली ठेवून ऐकलं. मग त्यानेच वाक्य केलं. 'माणसं मारणं थांबवा.'

"हे झालं," तो म्हणाला. "आता ही दुसरी ओळ कशाला? 'सरकारला धर्म नको.' पहिलीला कुणी काही म्हणणार नाही. दुसरीला लोक चिडतील बघा. म्हणतील, ह्यांना देव नको."

"देव हवाय रे," शोभाताई म्हणाली. "माझ्या घरी आहे, तुझ्या घरी आहे, फहमिदाच्या घरी आहे. घरी असू दे. पण खुर्चीत बसलेला साहेब माझ्या देवाचा आहे, मला कुणी हात लावणार नाही, असं मारणाऱ्याला कळलं ना, की त्याचा हात थांबत नाही. आणि मार खाणाऱ्याने मग जायचं कुणाकडे?"

"ते बरोबर आहे," शिवा म्हणाला. "पण मी रंगवलंय म्हणून कुठं सांगू नका."

ऑइल पेंट वाळायला वेळ लागला असता आणि शनिवार उद्यावर आला होता. म्हणून त्याने लाल रंगाची पूड डिंकात कालवली आणि भराभरा अक्षरं काढली. निघताना म्हणाला, "पाणी लावू नका. हा रंग कच्चा आहे." बायकांनी मानेने हो म्हटलं आणि विसरून गेल्या. जिच्या घरात तान्हं मूल आहे, तिने तरी विसरायला नको होतं.

एसटी स्टँडासमोरच्या चौकात त्या उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, भाषण नाही. दोघी माझ्या काठ्या धरून, बाकीच्या मागे. मी आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर पसरलो होतो आणि प्रत्येक डोळा माझ्यावरून फिरत होता. लाज वाटते तसं वाटत होतं, आणि लाजेच्या खाली भीती.

"काय वहिनी, भिशी फुटली काय?" कुणीतरी ओरडलं आणि रिक्षावाले हसले.

शेजारीच कोन गावाची गुणाबाई सुकी मासळी घेऊन बसायची. ती बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना. "काय गो पोरींनो, काय इकताव तुमी? बोलत कशाला नाय?"

"विकत नाही काही, मावशी. वाचा की," शोभाताई म्हणाली.

"मना वाचता येतं तं मी बोंबील इकले असते काय? तूच वाच."

शोभाताईने वाचून दाखवलं. गुणाबाईने तोंडावर पदर घेतला. "मानसं मारतान? पोरं बी?" तिने इमादकडे पाहिलं. "मंग गप कशाला उभ्या? गप ऱ्हायलाव तं कोनाला कळंल?"

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे बसलेला तरणाबांड माणूस उतरला. त्याने मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. त्याचं नाव महादेव, हे मला नंतर कळलं. तो जवळच्याच गावचा. जमीन विकून आता जागांचे व्यवहार करायचा.

"गाडीत जळाले त्यांचं काय?" त्याने विचारलं. "त्यांच्यासाठी कुठं होता तुम्ही?"

सगळ्या शोभाताईकडे बघायला लागल्या. पण उत्तर फहमिदाने दिलं. "त्यांच्यासाठीपण उभ्या आहोत. तीपण माणसंच."

त्याने तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. "तुम्ही राहता कुठं?"

फहमिदाने इमादला जवळ ओढलं. मोटरसायकल चालवणाराच म्हणाला, "ही ना? नवीन पनवेलची. गुरुदत्तच्या बिल्डिंगीतली. नवरा कुवेतला असतो, एकटीच आहे."

मित्रांनो, कुणीतरी आपल्याला ओळखतं याचा आनंद होतो ना? त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कळलं की ओळखलं जाण्याचीही भीती असू शकते. माझी डावी काठी फहमिदाच्या हातात होती. ती काठी गार पडली.

मला ठेवायचं कुणाकडे, हा प्रश्न आला तेव्हा भिशीच्या रीतीने चिठ्ठी टाकली गेली. नाव निघालं फहमिदाचं.

"पुन्हा टाका," शोभाताई लगेच म्हणाली. "तुझ्याकडे नको गं. मी नेते."

"का?"

"का म्हणजे काय? तुला माहीत आहे का ते."

फहमिदाने मला घडी घालून काखेत मारलं. "शोभाताई, माझं नाव निघालं की माझी पाळी. पैशाच्या वेळी पाळी माझी आणि भीतीच्या वेळी तुमची, असं असेल तर मग मी भिशीत कशाला?"

शोभाताईने चिठ्ठ्या चुरगळून टाकल्या. मी फहमिदाच्या काखेत होतो म्हणून मला मात्र कळत होतं, की हे बोलताना तिचं काळीज कसं धडधडत होतं.

फहमिदाच्या घरी मी कपाटाखाली राहिलो. खोलीच्या मधोमध छताच्या हुकाला इमादची झोळी टांगलेली असायची, तिच्या सासूच्या जुन्या साडीची. ती येता-जाता झोका द्यायची आणि उरणकडचं काहीतरी गुणगुणायची. त्या घरात मला बरं वाटायचं. फक्त रात्री फोन वाजायचा.

"तू चौकात उभी राहिलीस म्हणे," एकदा आदिलचा आवाज आला, इतका मोठा की कपाटाखालीही ऐकू आला. "फहमिदा, मी इथे बसून काय करू शकतो? तुझ्यावर काही आलं तर मला विमानसुद्धा लगेच मिळणार नाही."

"काही येत नाही," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

आलं ते तीन-चार दिवसांनी, दिवेलागणीला. त्या दिवशी इमादचं पोट बिघडलं होतं. झोळीची साडी धुऊन गॅलरीत वाळत होती आणि तो तिच्या खांद्यावर किरकिरत होता. खालून मोटरसायकल बंद केल्याचा आवाज आला. मग जिन्यात पावलं. मग गुरुदत्तचा आवाज. हा बिल्डिंगचा सेक्रेटरी, खालच्या मजल्यावर राहणारा, टाकी, मीटर, जिन्यातला दिवा, सगळं बघणारा. तो म्हणत होता, "अहो, तसं काही नसणार. बाई चांगल्या आहेत."

"मग बघायला काय जातं?" दुसरा आवाज म्हणाला. "लोक म्हणतात, घरात झेंडा शिवून ठेवलाय. कुठला ते सांगायला नको."

फहमिदाने ते ऐकलं. मी एवढंच पाहिलं, की तिचे हात तिच्या आधी शहाणे झाले. तिने मला कपाटाखालून ओढलं, काठ्या उपसून गॅलरीत कपड्यांच्या काठीशेजारी उभ्या केल्या, मला अक्षरं आत घालून दुहेरी दुमडलं, हुकाला गाठ मारली, आणि इमादला माझ्यात ठेवलं. दार वाजलं तेव्हा ती झोका देत होती.

मी फलक होतो, मित्रांनो. मला ताठ उभं राहायला शिकवलं होतं. आणि आता माझ्या पोटात एक बाळ होतं, गरम, मऊ, अंगठा चोखणारं. त्याच्या पाठीखाली माझी अक्षरं होती. त्याचं ते एवढंसं ओझं मला पेलेल की नाही, गाठ सुटेल की काय, आणि सुटली नाही तर हे लोक काय करतील, काही कळत नव्हतं.

गुरुदत्त आत आला, चपला दाराबाहेर काढून. त्याच्यामागे ते दोघं, चपला घालून.

"भाभी, रागावू नका. ह्यांना जरा बघायचंय," गुरुदत्त जमिनीकडे बघत म्हणाला.

"बघा," फहमिदा म्हणाली. "आवाज तेवढा करू नका. आत्ताच झोपलाय."

तुमच्या घरात तान्हं भावंड असेल तर तुम्हाला माहीत असेल, बाळ झोपलंय म्हटलं की कसाही माणूस टाचा उचलून चालायला लागतो. ते दोघंही तसेच चालले. मोटरसायकलवाल्याने कपाट उघडलं, साड्या उपसल्या, गादी उलटली, कपाटाखाली वाकून पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात गेला. महादेव खोलीच्या मधोमध उभा राहिला, माझ्या अगदी जवळ. इमाद चुळबुळला, कुरकुरला. आणि महादेवचा हात आपोआप पुढे आला आणि त्याने मला झोका दिला.

त्याने तो मुद्दाम दिला नाही. त्याच्याही घरी झोळी असणार. हाताला सवय असते. एक झोका, मग दुसरा. त्याचं बोट माझ्या काठावर होतं, आणि त्या काठाच्या आत वीतभर अंतरावर माझं पहिलं अक्षर होतं. ज्या हाताने मला शोधायचं होतं, तोच हात मला हलवत होता. इतकी भीती मी कधी अनुभवली नाही. कफन व्हायची भीतीही त्यापुढे काहीच नव्हती.

फहमिदा भिंतीला टेकून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आणि तेव्हा इमादने जे केलं, ते त्या वयाचं कुठलंही मूल करतं. मला आधी ऊब लागली, मग ओल. शिवाचा कच्चा रंग सुटायला लागला. मी तो धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. पण मी मांजरपाट. माझ्या तळाशी एक थेंब जमला आणि पांढऱ्या फरशीवर पडला. लाल.

महादेवने खाली पाहिलं. दुसरा थेंब पडला.

"रक्त," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बाईसारखा बारीक झाला. "अहो वहिनी, पोराला रक्त येतंय."

त्याने दोन्ही हात माझ्यात घातले आणि इमादला उचललं. इमादची पाठ लाल झाली होती. महादेवने त्याला उताणा केला, पालथा केला, जखम शोधली. जखम नव्हती. पाठीवर अर्धवट, उलटी अक्षरं उमटली होती. मग त्याने मला फाकवलं आणि वाचलं.

माणसं मारणं थांबवा.

इमाद रडायला लागला.

"काय सापडलं?" मोटरसायकलवाला आतून आला.

"हेच ते," महादेव म्हणाला. "चौकातलं."

"आणि झेंडा?"

"झेंडा नाहीये. हेच आहे." त्याने इमादला फहमिदाच्या हातात दिलं. त्याच्या शर्टावरही लाल डाग पडला होता. तो पुसत म्हणाला, "खोबरेल लावून पुसा. नुसत्या पाण्याने पोराचं अंग आवळेल."

मी वाट बघत होतो की आता तो काहीतरी बरं बोलेल. तुम्हालाही तसंच वाटत असेल. पण तो दारात थांबला आणि म्हणाला, "हे जाळून टाका. पुन्हा चौकात दिसलात तर पुन्हा कुणीतरी येईल. दर वेळी मीच असेन असं नाही." आणि गेला.

ह्या वाक्यात धमकी किती आणि काळजी किती, ते मला आजही सांगता येत नाही. फहमिदालाही आलं नाही. तिने दार लावलं आणि ती दाराला पाठ लावून खाली बसली. बाळाच्या पाठीला खोबरेल चोळत राहिली. रंग निघत नव्हता.

सकाळी तिने बॅग भरली. शोभाताई रजा टाकून आली होती, हेतलही आली होती, सासऱ्यांना देवळात जाते सांगून.

"मी सांगत होते तुला," शोभाताई रडवेली झाली. "फलक माझ्या घरी असता तर त्यांनी दारसुद्धा वाजवलं नसतं."

"म्हणूनच तर," फहमिदा म्हणाली. पण कपडे भरणं तिने थांबवलं नाही. "मी उरणला जाते. मला आता धीर नाही. मी इमादला उचललं ना, की मला ती अक्षरंच दिसतात."

गुरुदत्त वर आला. रात्रभर तो झोपला नसावा. "भाभी, बरं करताय. मी रिक्षा बोलावलीय. बॅग मी नेतो खाली." तो खरंच चांगुलपणाने बोलत होता, मित्रांनो. त्याने बॅग उचललीसुद्धा.

फहमिदा दारापर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊजी, एक विचारू? टाकी धुवायची असली की तुम्ही खाली फळ्यावर लिहिता. पाणी कधी जाणार आणि परत कधी येणार."

"हो. लिहावं लागतं. बायका ओरडतात नाहीतर."

"मी जाणार, ते तुम्ही सांगितलंत. परत कधी येणार, तेपण सांगा."

जिन्यात उभं राहून गुरुदत्तने बराच विचार केला. पनवेलातल्या कुठल्या टाकीचं पाणी कधी येणार ते त्या माणसाला तोंडपाठ होतं. हे त्याला सांगता येईना.

"तुम्हाला माहीत नाही," फहमिदा म्हणाली. "मलापण नाही. असं जाणं म्हणजे जाणंच असतं." तिने त्याच्या हातातून बॅग घेतली. "रिक्षावाल्याला सॉरी सांगा."

तो उतरला. संध्याकाळी तो फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेला दिसला. हातातला पेपर उलटा होता की सुलटा, ठाऊक नाही, पण बसला होता. दुसऱ्या दिवशीही बसला. घाबरलेलाच होता, वर बघून सारखं विचारायचा, "भाभी, सगळं ठीक ना?"

त्या शनिवारी मी पुन्हा चौकात गेलो. शिवाने माझ्यावर नवा रंग द्यायला नकार दिला होता, त्याच्याही घरी कुणी जाऊन आलं होतं. त्यामुळे माझी पहिली ओळ फिकट, ओघळलेली, मधेच पुसलेली होती. लोकांना जवळ येऊन वाचावं लागायचं. डावी काठी फहमिदाच्या हातात होती. वारा पडलेला होता, पानसुद्धा हलत नव्हतं. आणि मी मात्र सारखा हलत होतो.

"का गो, थरथरतंस?" गुणाबाईने विचारलं.

"भीती वाटते, मावशी."

"मंग घरा जा की."

"घरीपण वाटते."

गुणाबाईला हे पटलं असावं. तिने पाटी थोडी सरकवली आणि म्हणाली, "बस तं जरा. उभ्यानं पाय दुखतील. काठी बसून बी धरता येते." आणि फहमिदा सुक्या बोंबलांच्या वासात, इमादला मांडीवर घेऊन, काठी धरून बसली. महादेव त्या दिवशी आला नाही. पुढेही कधी दिसला नाही. दुसरे दिसले. शिव्या मिळाल्या, एकदा दगड आला, तो शोभाताईच्या खांद्याला लागला. पण फहमिदाचं घर तिथेच राहिलं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मला ट्रंकेत ठेवतात. आधी वाटलं होतं, एकदाच काम पडेल, मग मी फडकं होईन, चहाचं गाळणं होईन. पण मला पुन्हा पुन्हा काढलं गेलं. कधी गाझातल्या मुलांसाठी, कधी म्यानमारमधून होडीत बसून पळालेल्या माणसांसाठी. पहिल्या ओळीवर शोभाताईने पक्का रंग दिला. दुसरी ओळ शिवाचीच आहे, कच्ची, पण टिकलीय. ट्रंकेचं झाकण उचललं की माझ्या मनात धस्स होतं. कुणीतरी कुठेतरी पुन्हा फाडलं जातंय, एवढंच मला कळतं.

अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला सांगतो, आमची काळजी घ्या, आम्हाला फेकू नका. मला तसं काही मागायचं नाही. मला कसर लागली तरी चालेल. मला उंदरांनी खाल्लं, तर मी म्हणेन, बरं झालं, आता लागणार नाही.

मागायचं वेगळंच आहे. त्या दिवेलागणीची एक गोष्ट मी फहमिदाला कधी सांगू शकलो नाही, तिला ती ठाऊक असली तरी. मी झोळी होऊन टांगलेलो होतो, तेव्हा मला सगळा जिना ऐकू येत होता. ती दोन माणसं वर चढत होती, आणि ती चढतील तसतशा प्रत्येक मजल्यावरच्या कड्या आतून लागत होत्या. खटकन एक, खटकन दुसरी. टीव्हीचे आवाज कमी झाले होते. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. वाईट नव्हतं त्यांच्यात कुणी. घाबरले होते. मी त्यांना दोष देत नाही, मी कोण देणार.

पण मित्रांनो, तुमच्या जिन्यात कधी अशी पावलं वाजली, शेजारच्या दारावर कुणी थाप मारून विचारायला लागलं की आत कोण राहतं, तर कडी लावू नका. आईला सांगा, बाबांना सांगा, आणि दार उघडून जिन्यात या. भांडायला नको, ओरडायला नको. पायात चपला नसल्या तरी चालेल, हातात जेवणाचा घास असला तरी चालेल. भीती वाटेल, ती वाटू द्या. घाबरत घाबरतच या आणि तिथे नुसते उभे राहा.